काऊनबाईंचा ओटा

वर्ध्याजवळच्या नालवाडीत त्यांना सगळे काऊनबाई म्हणत. 'काऊन' म्हणजे वऱ्हाडीत 'का'. आज बाजार बंद आहे असं कुणी सांगितलं, तर त्या विचारत, "काऊन?" संप आहे म्हटलं, तर "संप काऊन?" तिसऱ्या काऊनला बहुतेक माणसांना घरी काहीतरी काम निघे. त्यांच्या विचारण्यात खवचटपणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असे आणि समोरच्याला ते माहीत नसलं तर त्यांना त्याचा राग येत नसे. "नाई माईत? मंग दोघंई शोधू," असं म्हणून त्या त्याला बसायला लावत. लोक पळत ते यामुळे.

बाई सरकारी नर्स होत्या. तेहतीस वर्षं जिल्ह्यातल्या खेड्यांत बाळंतपणं करून, लसी टोचून, गोळ्या वाटून त्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्या. नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. नागपूरला एक पुतण्या होता, तो दिवाळीला येऊन जाई. लोकांना वाटलं, बाई आता पोथी लावतील, तीर्थयात्रेला जातील. बाईंनी वाचनालयाची वर्गणी भरली आणि एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. "नोकरीत 'काऊन' म्हटलं का मेमो भेटे," त्या मला म्हणाल्या होत्या. "तेहतीस वर्साचे साचले आहेत. आता एकेक काढतो म्हटलं."

मी त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून गेलो तो ब्याण्णवचा जून होता. साताऱ्याकडचा सव्वीस वर्षांचा मुलगा, वर्ध्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला नुकताच रुजू झालेला. त्याआधी तीन घरमालकांनी जात, पगार आणि लग्न या क्रमाने चौकशी केली होती. बाईंनी फक्त विषय विचारला. मी सांगितल्यावर म्हणाल्या, "मंग सांगा मास्तर, माठातलं पाणी उन्हाळ्यात गार होते, पावसाळ्यात काऊन होत नाई?"

"बाष्पीभवन," मी म्हणालो.

"हे तं नाव झालं. काऊन थे सांगा."

हातातली बॅग खाली न ठेवता मी पायरीवर उभ्याउभ्या पंधरा मिनिटं बोललो. माठ पाझरतो, बाहेरचं पाणी वाफ होऊन उडताना आतली उष्णता घेऊन जातं, पावसाळ्यात हवा आधीच ओली असते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "खोली तुमची," त्या म्हणाल्या, "पण पटलं नाई अजून. पाहू करून."

करून पाहायला त्या पुढच्या एप्रिलपर्यंत थांबल्या. मी विसरलो होतो. एका सकाळी ओसरीवर दोन सारखे माठ मांडलेले दिसले. एकाला बाहेरून खिडकीचा उरलेला हिरवा ऑइलपेंट फासला होता. बाईंकडे ताप मोजायची काच होती, पण ती पस्तीस अंशांच्या खाली उतरेना, म्हणून मला कॉलेजच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर रुमालात गुंडाळून आणावा लागला. मग भिंतीवर तक्ता लागला. त्यावर 'खाट क्रमांक १' आणि 'खाट क्रमांक २' असं लिहून सकाळ, दुपार, संध्याकाळची नोंद होऊ लागली. रंग दिलेल्या माठातलं पाणी काही गार होईना. पाचव्या दिवशी बाई माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. "मास्तर, हिरव्याचा घाम कोंडला," त्या म्हणाल्या. चेहरा असा की जणू अडलेली बाळंतीण सुखरूप सुटली. त्या वेळी त्यांचं वय एकसष्ट होतं.

'हे तं नाव झालं' या वाक्यानं माझं मात्र नुकसान केलं. मी वर्गात 'जडत्वामुळे' म्हणायचो आणि पुढचा शब्द सुचेनासा व्हायचा. विद्यार्थी वहीत 'जडत्वामुळे' लिहून मोकळे होत. मला तेवढ्यावर मोकळं होता येईना. तीन वर्षं वापरायच्या म्हणून तयार केलेल्या नोट्स मी दुसऱ्याच वर्षी रद्दीत घातल्या.

बाईंच्या घरापुढे शहाबादी फरशीचा ओटा होता. दुपारी चार वाजता त्यावर सतरंजी पडे आणि दिवेलागणीला उचलली जाई. या ओट्यावरचे दुसरे कायमचे गृहस्थ म्हणजे शेटजी. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. साठीला त्यांनी ते मुलाकडे सोपवलं आणि आठ दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की मुलाला ते गल्ल्याजवळ बसलेले आवडत नाहीत. दोन घरं सोडून राहत. रक्तदाब मोजून घ्यायला म्हणून आले आणि सतरा वर्षं येत राहिले. तरुणपणी राहून गेलेलं संस्कृत व्याकरण ते एकटेच शिकत होते. मराठी बोलताना मध्येच हिंदीत शिरत, आणि वाद चढला की पूर्णपणे हिंदीतच जात.

ओट्याचा नियम एकच होता आणि तो बाईंच्या नोकरीतून आलेला होता. डॉक्टरनं तोंडी सांगितलेला डोस नर्सनं आधी परत बोलून दाखवायचा, डॉक्टरनं मान डोलावली की मगच सुई भरायची. तसंच इथे. समोरच्याचं म्हणणं आधी आपल्या तोंडानं सांगायचं. त्यानं 'हो, हेच' म्हटलं की मग खोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. मी पहिल्या महिन्यात चार वेळा नापास झालो. शेटजींचं म्हणणं मी परत सांगायचो आणि शेटजी मान हलवायचे, "नहीं मास्तर, हे तुमचं झालं. माझं असं नव्हतं." पुष्कळदा नीट परत सांगता सांगताच खोडण्यासारखं फारसं उरत नसे.

चौऱ्याण्णवचा अख्खा पावसाळा एका वादात गेला. शेटजींचं म्हणणं, शब्दाशिवाय विचार होत नाही. बाईंनी नुकती जन्मलेली हजारो मुलं हाताळलेली. त्या म्हणाल्या, "पोराले भूक समजते. त्याच्यापाशी कोणता शब्द असते?"

"बाई, आप समझीं नहीं. भूक म्हणजे विचार नाही. भूक तो म्हशीलाही लागते."

दोन महिने म्हैस, मूल, पोपट, स्वप्न असं सगळं ओट्यावरून गेलं. एके दिवशी बाईंनी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला बोलावलं. तो जन्मापासून बहिरा होता, शाळेत गेलेला नव्हता, खुणांनी बोले. बाईंचं मशीन टाके सोडत होतं. त्यानं मशीनवर तळवा ठेवला, चाक हळूहळू फिरवलं, डोळे मिटले आणि तसाच बसून राहिला. मग त्यानं इकडेतिकडे न चाचपता नेमका एक स्क्रू सैल केला, खालची पट्टी किंचित सरकवली आणि स्क्रू पुन्हा आवळला. टाके सरळ पडू लागले.

"आता सांगा शेटजी," बाई म्हणाल्या, "डोये मिटून हा काय करून राह्यला होता? कोणत्या शब्दात?"

शेटजींनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अर्धं पटलं."

"अर्धं पटलं मंजे काय असते? अर्धी बाई गरोदर असते काय?"

शेटजी इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि बाई पाणी आणायला उठल्या. मला ती संध्याकाळ चांगली आठवते, कारण त्याआधी मी इतक्या म्हाताऱ्या माणसांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. आमच्या घरी साठीनंतर माणसं वाट पाहत बसत. कसली, ते कुणी बोलत नसे.

पण शिकण्यात नुसता आनंदच असतो असं बाईंनी कधी म्हटलं नाही, आणि शहाण्णवच्या हिवाळ्यानंतर तर मुळीच नाही.

त्या वेळी त्या लहान मुलांच्या आजारांवरचं एक इंग्रजी पुस्तक वाचत होत्या. रोज दोन पानं, प्रत्येक ओळीला शब्दकोश. एका दुपारी मी कॉलेजातून आलो तर सतरंजी पडलेली नव्हती. बाई आत पाटावर बसल्या होत्या, पुस्तक मांडीवर उघडं होतं. हगवण लागलेल्या मुलाला खायला-प्यायला देणं बंद करू नये, तांदळाची मीठ घातलेली पेजसुद्धा चालते, असं त्यात होतं. का चालते तेही होतं. तांदळातल्या पिठाची आतड्यात साखर होते, ती साखर मिठाला आत ओढते आणि मिठामागून पाणी शरीरात जातं.

"नोकरीले लागली तवा आमाले शिकवलं होतं, पोटाले आराम द्या, चोवीस घंटे काई देऊ नोका," बाई म्हणाल्या. "मी थेच सांगत फिरली. मंग खूप वर्सांनी पाकिटं आली, पाण्यात कालवून पाजा म्हणे. पाजली. पह्यलंवालं बंद काऊन केलं थे कोणी सांगतलं नाई. मी बी इचारलं नाई."

मग त्यांनी सोनाबाईचं नाव काढलं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी बाई आर्वीकडच्या जंगलालगतच्या एका गावात होत्या. तिथली ही गोंड बाई, तेव्हा विशीतली. तिचं वर्षाचं पोर हगवणीनं सुकलं होतं आणि ती त्याला पेज पाजत होती. बाईंनी तिला सगळ्यांदेखत झापलं, वाटी हातातून काढून घेतली आणि पेज अंगणात ओतली. तीन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ लक्ष ठेवायला गेल्या. चौथ्या दिवशी त्यांची बदली झाली. पोराचं पुढे काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं.

"मले तिले भेटाचं आहे," बाई म्हणाल्या. "येता काय संगं?"

रविवारी आम्ही एस.टी.नं आर्वीला गेलो, तिथून दुसरी गाडी, शेवटी तीन किलोमीटर पायी. गावात सोनाबाईचं घर विचारल्यावर लगेच सापडलं. पाठीत थोडी वाकलेली, केस पांढरे झालेली एक बाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. बाईंनी आपली ओळख सांगितली. तिनं कपाळावर हात धरून नीट पाहिलं, मग आपल्या भाषेत सुनेला काहीतरी सांगितलं. सुनेनं खाट टाकली.

बाई खाटेवर बसल्या नाहीत. उभ्यानंच म्हणाल्या, "सोनाबाई, तुमची पेज बरोबर होती. मी चुकली होती. एवढंच सांगाले आली."

सोनाबाईनं हातातली शेंग खाली टाकली. मग पदर तोंडाशी नेऊन हसायला लागली. "बाई, तुमी गेल्या का मी पाजतच होती. मिठाचा खडा टाकून. तुमी दिसल्या का वाटी मडक्यामांगं लपवत होती."

"आन् पोरगं?"

"थो काय येऊन राह्यला."

डोक्यावर सरपणाची मोळी घेतलेला चाळिशीतला एक दांडगा माणूस फाटकातून आत आला. बाईंनी त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, नर्स पाहते तसं. मग त्या खाटेवर बसल्या. चहा झाला, शेंगा उकडून पुढे आल्या. निघायच्या वेळी बाईंनी विचारलं, "सोनाबाई, पेज लागू पडते हे तुमाले माईत होतं. मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी इचारलं कुठी?" सोनाबाई सरळपणे म्हणाली. "तुमी तं सांगाले येत होत्या."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून बाई म्हणाल्या, "इनं आयकलं नाई मनून थो वाचला. ज्यायनं आयकलं त्यायचं काय मास्तर?"

त्यानंतर आठ दिवस ओटा रिकामा होता. रिकामा म्हणजे शेटजी रोज चार वाजता येत, स्वतः सतरंजी टाकत आणि दिवेलागणीला घडी करून खिडकीत ठेवून जात. नवव्या दिवशी बाई बाहेर आल्या. शेटजींनी वाट पाहत धरून ठेवलेलं सगळं एका दमात सांगितलं. त्या काळी जे माहीत होतं तेच बाईंनी केलं, मोठमोठे डॉक्टर तेच सांगत होते, यात पाप कसलं? बाईंनी त्यांचं म्हणणं नीट परत बोलून दाखवलं. शेटजींनी मान डोलावली.

"आता माह्यं आयका," बाई म्हणाल्या. "माईत नव्हतं, हे चालते. इचारलं नाई, हे नाई चालत."

शेटजींनी ते परत बोलून दाखवलं. या वेळी खोडलं मात्र नाही.

त्या दिवसापासून बाईंचं विचारणं बदललं. आधी त्या पुस्तकांना आणि मास्तरांना विचारत. आता भाजीवालीला, बोअर मारणाऱ्याला, घर सारवणाऱ्या बाईला विचारू लागल्या आणि लिहून घेऊ लागल्या. सोनाबाईकडे वर्षातून दोनदा जाऊन राहत. परत आल्या की त्यांच्या वहीत झाडपाल्याची नावं गोंडी भाषेत असत आणि शेटजींबरोबर शब्दांच्या मुळांवरून नवा वाद उभा राही. वाद घालताना त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाई. एकदा शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी भांडण समजून मध्यस्थी करायला धाव घेतली. त्यांना दोन तास बसवून घेतलं गेलं.

दोन हजार एकमध्ये माझं लग्न झालं आणि नागपूरच्या कॉलेजात नोकरी लागली. महिन्यातून एक शनिवार मी वर्ध्याला येई. बाई सत्तरीच्या झाल्या होत्या, गुडघे गेले होते, आणि त्यांनी शेवटचा मोठा वाद उकरून काढला होता. आपला देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यायचा असं त्यांनी ठरवलं होतं. अर्ज भरून ठेवला होता.

शेटजींना हे अजिबात मान्य नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं दुखावलेलं पाहिलं नव्हतं. "पाँच तत्त्वांचं शरीर, बाई. पाचांना परत द्यायचं. ते टेबलावर ठेवायचं नाही."

"देईनच परत. दोन वर्सं उशिरा."

"मजाक नहीं. तुमची माणसं शेवटचं कुठे रडतील? कशासमोर हात जोडतील?"

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "शेटजी, मी जलमभर लोकायच्या पोटाले हात लावला. आत काय आहे थे चित्रात पाह्यलं. हाताले लागे थे येगळंच असे. कोण्या पोरीनं शिकता शिकता खरं पाह्यलं, तं तिले माह्यासारखं आंधळ्यावानी सांगत फिराव नाई लागणार."

हा वाद दोन-तीन वर्षं चालला. शेटजी गीतेपासून गरुडपुराणापर्यंत सगळं घेऊन येत. बाई एकेक परत बोलून दाखवत आणि आपलं मांडत. पटलं कुणालाच नाही. मी आलो की दोघंही मला साक्षीला ओढत आणि मी सुटायला बघे.

दोन हजार आठच्या जानेवारीत एका सकाळी शेटजींचा फोन आला. "मास्तर, बाई गेल्या. पहाटे झोपेतच. या."

मी पोहोचलो तेव्हा पुतण्या आलेला होता. गल्लीतली माणसं जमली होती, कुणीतरी बांबू आणायला निघालं होतं. पुतण्या भला माणूस होता, पण गांगरला होता. कागद त्यानं पाहिला होता. "काकूची इच्छा ठीक आहे हो," तो म्हणत होता, "पण लोक काय म्हणतील? चार वडीलधाऱ्यांना विचारून ठरवू." मग त्यानं शेटजींकडे पाहिलं, कारण तिथे सगळ्यांत वडील तेच होते आणि त्यांचं मत गल्लीला पाठ होतं.

शेटजी ओट्यावर बसले होते. काठी टेकून उभे राहिले. "बांबू आणू नका," ते म्हणाले. "कॉलेजला फोन मी केला आहे. गाडी निघाली आहे."

कुणीतरी म्हणालं, "शेटजी, तुम्हीच तर याच्या विरोधात होता."

"होतो. पण त्यांनी काय मांडलं आणि का मांडलं, ते मला पूर्ण माहीत आहे. आता बाई बोलू शकत नाहीत, तर मी गप्प बसून जिंकू?"

पुतण्यानं कागदावर सही केली. बायकांनी बाईंना हार-फुलं न घालता, त्यांनी सांगून ठेवलं होतं तसं, फक्त पांढरं धुवट लुगडं नेसवलं. शेटजींनी ओट्यासमोर उभं राहून हात जोडले, बराच वेळ. मग गाडीत ड्रायव्हरशेजारी न बसता मागे, बाईंजवळ बसले. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाला चढवायला दोघे लागले. मी त्यांच्यासमोर बसलो. वाटभर ते एका हातानं स्ट्रेचरची दांडी धरून होते, गाडी उसळली तर हलू नये म्हणून.

महाविद्यालयात एका कारकुनानं फॉर्म पुढे ठेवला. वारस म्हणून पुतण्याची सही झाली. साक्षीदार म्हणून शेटजींची. शेवटच्या रकान्यावर पेन ठेवून कारकून म्हणाला, "आजोबा, मृत व्यक्तीशी तुमचं नातं?"

शेटजी विचारात पडले. "सतरा वर्षं भांडलो," ते म्हणाले. "त्याला काय म्हणतात?"

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःच 'मित्र' असं लिहिलं आणि कागद शेटजींना दाखवला. शेटजींनी चष्मा वर करून तो शब्द वाचला. काही सुचवलं नाही, सही केली.

आतून दोन मुली पांढरे कोट घालून आल्या, विशीच्या आतबाहेरच्या. त्यांनी आम्हाला नमस्कार केला आणि स्ट्रेचर हळूच वळवून आत नेलं. दार लागलं. आम्ही बाहेर पायऱ्यांवर आलो. ऊन चांगलं चढलं होतं. शेटजी कठड्याला धरून दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. रुमाल काढून त्यांनी डोळे पुसले, मग चष्मा पुसला.

"मास्तर," ते म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही."